सरड्याची अंडी आणि आपले पेव्हर्स





वार्तापत्राच्या या अंकात मी परीक्षांच्या निकालाविषयी लिहीन अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असेल. ती माहिती आतील पानांवर आहेच. मी मात्र यावेळी एका सरड्याविषयी लिहिणार आहे. या विषयावर मुलांनी, पालकांनी आणि विश्वस्तांनीही मला इतके प्रश्न विचारले आहेत की, प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे असे वाटले. त्यातला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा : "बाई, सरडा घरी पाळून त्याची अंडी उबवता येतात का?"

आधी सरडा कोणता, ते ठरवून घेऊ. आपण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना सरसकट सरडा म्हणतो. एक म्हणजे कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, अंगावर खरबरीत खवले असलेला आणि माणूस दिसताच सुसाट पळणारा बागेतला सरडा. नराचा गळा विणीच्या दिवसांत लालभडक होतो. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" ही म्हण याच्यावरूनच पडली असावी. दुसरा तो शॅमेलिऑन. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्याला घोयरा सरडा म्हणतात. आपले कन्नड भाषिक शेजारी पहिल्याला 'ओतिक्यात' आणि दुसऱ्याला 'गोसुंबे' म्हणतात. म्हणजे या बाबतीत कन्नड आपल्यापेक्षा नेमकी आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. वडिलांची नोकरी मध्य प्रदेशात होती, त्यामुळे प्राणिशास्त्रही मी हिंदीतूनच शिकले. तिथे या प्राण्याला 'गिरगिट' म्हणत. चेखव्ह या रशियन लेखकाची १८८४ सालची एक कथा हिंदीत याच नावाने आहे. कुत्रा कोणाचा आहे हे जसजसे कळत जाते, तसतसा त्या कथेतला पोलीस अधिकारी आपले मत फिरवतो. मराठीतही "सरड्यासारखे रंग बदलू नकोस" असे आपण सहज म्हणतो. बिचाऱ्या प्राण्यावर हा अन्यायच आहे. तो रंग बदलतो तो कोणाला फसवण्यासाठी नव्हे. थंडी वाजली की ऊन शोषण्यासाठी तो गडद होतो, रागावला की वेगळा दिसतो, मादीला अंडी धरली की तिचेही रंग वेगळे होतात. रंग ही त्याची भाषा आहे. त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये अतिशय बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यातले अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो, हे २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवून दिले.

आपल्याकडचा शॅमेलिऑन भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळतो. दोन डोळे दोन वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरणारा, शेपटीची गुंडाळी करणारा आणि अंगाच्या लांबीइतकी जीभ क्षणात बाहेर फेकून किडा टिपणारा हा प्राणी आहे. तो विषारी नाही. तो कोणाच्या मागे लागत नाही, कारण त्याला धड पळताही येत नाही. वाऱ्यात हलणाऱ्या पानासारखा झुलत झुलत तो एकेक पाऊल टाकतो. जमिनीवर उतरणे त्याला धोक्याचे असते. तरीही मादीला उतरावेच लागते, कारण अंडी मातीतच घालायची असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. परदेशात हजारो लोक घरी शॅमेलिऑन पाळतात आणि त्यांची पैदासही करतात. त्यात प्रामुख्याने येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन असतो. मादीसाठी जाळीच्या पिंजऱ्यात ओलसर मातीची खोल कुंडी ठेवतात. ती त्यात बीळ खणते, अंडी घालते आणि बीळ बुजवून टाकते. नंतर पाळणारा माणूस ती अंडी हलक्या हाताने काढून प्लॅस्टिकच्या डब्यात, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये मांडतो. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतो, म्हणजे चुकूनही ते उलटे होऊ नये. डबा साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतो. आणि मग थांबतो. व्हेल्ड शॅमेलिऑनची पिल्ले बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात, पँथरची कधी कधी वर्षभराने येतात. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाट पाहण्याचा अंदाज येईल.

खुणेची गोष्ट मुलांना नेहमी नवलाची वाटते, म्हणून थोडे अधिक सांगते. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा पायाने फिरवते, उबवणी यंत्रातही ती फिरवावी लागतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचे याच्या अगदी उलट असते. अंडे घातल्यावर थोड्याच काळात आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाला चिकटतो आणि तिथेच वाढतो. पुढे अंडे उलटे झाले तर तो गुदमरून मरू शकतो. शिवाय हे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते, चामड्यासारखे असते. ते मातीतला ओलावा शोषून घेते आणि अंडे हळूहळू फुगते. हिंदीत आम्ही या प्रक्रियेला 'ऊष्मायन' म्हणत असू. आपला मराठी शब्द 'उबवणे' अधिक मायेचा आहे, पण तो कोंबडीवरून आलेला आहे. शॅमेलिऑनची मादी अंड्यांवर कधीच बसत नाही. ती माती बुजवून निघून जाते आणि पिल्लांना पुन्हा कधी ओळखतही नाही. अंडी उबवते ती माती. वीतभर खाली गेले की दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारवा यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. जे काम करायला परदेशात डबा, तापमापक आणि यंत्र लागते, ते काम आपल्या बांधावरची माती फुकट करते.

मादागास्करच्या नैर्ऋत्य भागात लॅबोर्डचा शॅमेलिऑन म्हणून एक जात आहे. तो अंड्यात आठ-नऊ महिने असतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. वर्षातला बराच काळ असा असतो की, त्या जातीचा एकही जिवंत सरडा जमिनीवर नसतो. सगळी जात मातीखाली अंड्यांत असते. त्या दिवसांत तिथे कोणी नांगर फिरवला तर काय होईल, याचा विचार मुलांनी स्वतः करावा.

आपल्याकडे शॅमेलिऑन पाळता येतो का? आपला देशी शॅमेलिऑन पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. बऱ्याच पालकांना ठाऊक नसते, पण याच कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे हेही येते. हेतू चांगला असला तरी अंडी खणून घरी आणणे कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरू शकते. विदेशी जातींचे म्हणाल, तर शॅमेलिऑनच्या व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. तेव्हा मोठ्या शहरातल्या दुकानात किंवा मोबाईलवर "कागदपत्रांची गरज नाही" असे सांगून कोणी सरडा विकत असेल, तर पालकांनी तिथेच सावध व्हावे.

आता आपल्या शाळेत काय घडले ते सांगते.

२०२४ च्या ऑक्टोबरची अखेर होती. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे करंजाचे झाड आणि मेंदीचे कुंपण आहे, तिथे आपल्या शिपाईमामांना एक शॅमेलिऑन जमीन खणताना दिसला. त्यांनी मला बोलावले. मी गेले तेव्हा मादीचे डोके आणि पुढचे पाय बिळात होते, फक्त शेपूट बाहेर दिसत होती. अंगावर पिवळसर ठिपके उठले होते. आम्ही मुलांना लांब उभे केले आणि शांत राहायला सांगितले. मधली सुट्टी संपली, पुढचा तास संपला, तरी तिचे काम चालूच होते. संध्याकाळी शाळा सुटताना ती माती ओढून बीळ बुजवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काहीच नव्हते. ठिकाण ठाऊक नसते तर त्या जागेवरून कोणीही निर्धास्त चालत गेले असते.

अडचण अशी होती की, त्याच मैदानावर दिवाळीनंतर पेव्हर्स बसवायचे ठरले होते. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी देणगी दिली होती, ठेकेदाराला आगाऊ रक्कमही पोहोचली होती. पेव्हर्सची मागणी पालकांचीच होती आणि ती रास्त होती. अनगोळचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल होतो, लहान मुले घसरतात, गणवेश खराब होतात. पेव्हर्स घालायचे म्हणजे आधी माती उकरायची, खडी घालायची, ती यंत्राने दाबायची आणि वर क्रशरची भुकटी पसरायची. त्याखाली अंडी राहणे शक्यच नव्हते.

आठवीतला एक विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीत आला. त्याने वहीत चित्र काढून आणले होते. थर्मोकोलची पेटी, आत वाळू, छोटा दिवा, तापमापक. "बाई, अंडी मी घरी नेतो. पेव्हर्स घातले तर ती मरणारच आहेत. मी उबवीन." त्याने परदेशातल्या लोकांच्या चित्रफिती पाहून सगळे नीट लिहून काढले होते. व्हर्मिक्युलाइट मिळाले नाही तर नारळाच्या काथ्याचा भुसा चालेल का, हेही त्याने विचारले. त्याचे वडील सोबत होते. ते म्हणाले, "मॅडम, खर्चाचे काही नाही, पोराची इच्छा आहे."

अशा मुलाला नुसते 'नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. मी त्याला बसवले आणि अंडे उलटे झाले की काय होते ते समजावले. कायदा काय म्हणतो ते सांगितले. मग विचारले, "समजा, सगळे नीट झाले. वीस पिल्ले निघाली. काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडी मोठी. प्रत्येकाला दिवसातून दोन-तीनदा बारीक जिवंत किडे लागतात. ती एकत्र ठेवली तर एकमेकांना त्रास देतात, म्हणून पुढे प्रत्येकाला वेगळी जाळी लागते. पाणी ती वाटीतून पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. हे सगळे तू किती दिवस करशील?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग पेव्हर्स थांबवा."

मोठ्या माणसांना जे सुचायला हवे ते मुलांना आधी सुचते. अंडी हलवायची की नाही हा प्रश्नच नव्हता. आपले काम हलवायचे की नाही, हा प्रश्न होता.

संस्थेच्या बैठकीत मी हा विषय मांडला. चर्चा सोपी झाली नाही आणि ती सोपी होऊ नये असेच मला वाटते. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सरळ विचारले, "बाई, सरड्यासाठी पोरांनी चिखलात पडायचे का?" दुसरे म्हणाले की, देणगीदाराला काय सांगायचे? या दोन्ही प्रश्नांत तथ्य होते. मी एवढेच म्हणाले की, सगळे मैदान थांबवू नका, फक्त तो कोपरा सोडा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. मुलांची येण्याजाण्याची वाट तिथून जात नाही. तिथे कोणी खेळतही नाही. शेवटी देणगीदारांनाच फोन लावला. ते परगावी असतात. सगळे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी शिवारात आम्ही सरड्याला गवताचा फास लावून पकडत होतो. तेवढा कोपरा राहू दे बाई." वनखात्यालाही आम्ही कळवले. त्यांनी अंड्यांना हात न लावता जागा तशीच राखण्याचा सल्ला दिला.

पेव्हर्स नोव्हेंबरात बसले. कोपऱ्याला शिपाईमामांनी बांबूची जाळी घातली. तिथे फलक लावायचा नाही, असे मी मुद्दाम ठरवले, कारण फलक पाहून बाहेरचा कोणीतरी उकरायला येईल. आठवी आणि नववीच्या मुलांनी एक वही सुरू केली. रोज मातीत बोटभर खाली तापमापक घालायचा (अंड्यांच्या जागेपासून चार फूट दूर), तापमान लिहायचे, पाऊस पडला तर लिहायचे, मांजर-मुंगूस दिसले तर लिहायचे. जानेवारीच्या थंडीत हवेचे आणि मातीचे तापमान किती वेगळे असते, हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा त्या वहीतून मुलांना चांगले कळले. मार्चमध्ये बऱ्याच जणांचा उत्साह ओसरला. "बाई, ती मेली असतील," असे मुले म्हणू लागली. उन्हाळी सुट्टीत वही भरायला तीनच विद्यार्थी नेमाने येत राहिले. थर्मोकोलची पेटी घेऊन आलेला मुलगा त्या तिघांत होता.

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला, मे महिन्याच्या अखेरीसच. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मेंदीच्या कुंपणावर चार पिल्ले दिसली. फिकट हिरवी, बोटाएवढी, शेपटीची गुंडाळी करून बसलेली. जमिनीत बोट जाईल एवढे भोक पडले होते. दुपारपर्यंत ती दिसेनाशी झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मुलांनीच एकमेकांना गप्प केले. वहीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे : "चार पाहिली. सगळी वर चढली."

चारच दिसली म्हणून काही जण हिरमुसले. पण या प्राण्याची मादी एका वेळी दहापासून तीसपर्यंत अंडी घालते, ती याचसाठी. कावळा, खंड्या, साप, मांजर सगळ्यांच्या तोंडातून वाचून त्यातली एक-दोन मोठी झाली तरी वंश टिकतो. प्रयोगशाळेत वीसपैकी अठरा पिल्ले जगवता येतील, पण ती कुंपणावर चढून कुठे जाणार? त्यांना झाड हवे, किडे हवेत आणि पुढच्या मादीला खणण्यासाठी उघडी माती हवी.

काही वेळा अंडी माणसाने हलवावी लागतात, हेही खरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवून नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या आणि वनविभागाच्या साहाय्याने तिथे काम सुरू केले. किनाऱ्यावरच कुंपण घालून, मूळ घरट्याइतकाच खोल खड्डा करून ती अंडी काळजीपूर्वक ठेवली जातात आणि सुमारे ५० दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. ज्या गावात अंडी खाल्ली जात होती, तिथे २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पण तिथेही कोणी अंडी घरी नेत नाही. वाळू तीच, समुद्र तोच, फक्त राखण माणसाची. कासवांमध्ये तर वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, त्यामुळे ती वाळू बदलून चालतच नाही.

याच्या उलट उदाहरण हवाई बेटांचे आहे. १९७२ मध्ये तिथल्या एका पाळीव प्राणी विक्रेत्याने आफ्रिकेतून जॅक्सनचे शॅमेलिऑन मागवले. प्रवासात ते अशक्त झाले होते, म्हणून त्याने ते आपल्या बागेत सोडले. आज ते त्या बेटांवर पसरले आहेत आणि तिथल्या दुर्मीळ गोगलगाई व किडे खात आहेत. म्हणून, हौसेने आणलेला विदेशी प्राणी जड झाला की शिवारात सोडून देणे, ही दया नव्हे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने प्राणी मागितला की त्याच्या मनात कुतूहल आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. ते कुतूहल दुकानात नेऊ नका, शिवारात न्या. येळ्ळूरच्या, अनगोळच्या, वडगावच्या बांधांवर अजून झुडपे आहेत. बासमतीच्या शेतांत घरे उभी राहत आहेत आणि प्रत्येक नव्या घराभोवती आपण फरशी घालतो. अंगण स्वच्छ राहावे ही इच्छा गैर नाही. पण घरामागे हातभर माती उघडी ठेवा, एक मेंदीचे किंवा जास्वंदीचे झुडूप ठेवा. सरडा दिसला की दगड मारू नका, लहान मुलांना मारू देऊ नका.

विश्वस्तांना कळवण्यास आनंद वाटतो की, तो कोपरा कायम तसाच ठेवण्याचा प्रस्ताव येत्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या वतीने मांडला जाणार आहे. वही सोबत जोडलेली असेल. ती सर्वांनी वाचावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, यंदाही मादी येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. आली तर तिला कोणी हात लावायचा नाही, लांब उभे राहायचे आणि वेळ लिहून ठेवायची. नवी वही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना नोंदी करायच्या असतील त्यांनी आपली नावे विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. सुट्टीतही यावे लागेल, हे लक्षात ठेवूनच नाव द्यावे.

आपली,
मुख्याध्यापिका